सव्वीस मंगळवारांची फडकी

"अगो, त्या बॉयलरात कोळसा कोण टाकतो? मीच ना? मग धुराची तक्रार म्हणजे कुणाची तक्रार झाली, सांग."

"चिमणीची. बुटकी बांधली मेल्यांनी. तोंड आणून सोडलंय आपल्या तिसऱ्या माळ्याच्या नाकाशी."

"चिमणीला काय, तिला पगार नाही. घरी बसवायची पाळी आली तर मॅनेजर चिमणीला बसवील की मला?"

"तुम्हाला नाही बसवू देणार मी."

"हो, तू मोठी गव्हर्नरीण!"

"गव्हर्नरीण नसेन. पण दर मंगळवारी करीन म्हणजे करीन. वर्ष लागो, दोन लागोत. आणि कुणाच्या कानावर जाऊ द्यायचं नाही, तुम्हाला माझी शपथ."

त्यावर पितळी आपटल्याचा आवाज झाला आणि भांडण मिटलं. मिटलं म्हणजे काय, दोघंही जेवायला बसली.

फळीच्या अलीकडे मालन तांदूळ निवडत होती. लग्न होऊन सावंतवाडीकडच्या गावातून लालबागच्या या चाळीत येऊन तिला चार दिवस झाले होते. सासू नाही, नणंद नाही. नवरा दौलत सकाळी सातला मिलमध्ये गेला की खोलीत ती आणि स्टोव्ह, आणि स्टोव्हची तिला भीती. शेजारच्या खोलीत लवूकाका आणि शेवंतीकाकी. मधे नुसती फळ्यांची भिंत, आणि दोन्ही घरांनी एकमेकांचं ऐकावं म्हणूनच जणू सुताराने फटी ठेवलेल्या. नव्या नवरीने दुसऱ्याचं भांडण ऐकू नये एवढं मालनला कळत होतं. पण कान काही पदराला गाठ मारून बांधून ठेवता येत नाहीत.

पुढच्या मंगळवारी सकाळी तिने पाहिलं, शेवंतीकाकीने गॅलरीतल्या दोरीला एक पांढरं शुभ्र फडकं टांगलं. जुन्या धोतराचा हातरुमालाएवढा तुकडा. दिवसभर, रात्रभर ते तिथेच. बुधवारी सकाळी काकीने ते उतरवलं, दारात बसून त्याच्या कोपऱ्यात तांबड्या दोऱ्याने काहीतरी शिवलं, घडी घातली आणि आत नेऊन बोचक्यात ठेवलं. पुढच्या मंगळवारी पुन्हा नवं फडकं.

मालनला सगळं उमगलं. मंगळवार देवीचा. पांढरं फडकं, तांबडा दोरा, कुणाला सांगायचं नाही. आणखी काय असणार? धूर जावा आणि नवऱ्याची नोकरी राहावी म्हणून काकीने नवस बोलला होता! गावी मालनच्या आत्यानेही देवीला असंच वस्त्र बोललं होतं. आणि दुसऱ्याच्या नवसाबद्दल विचारायचं नसतं. विचारलं की फळत नाही. तेव्हा मालनने सव्वीस आठवडे तोंडातून चकार शब्द काढला नाही. इतकी समजूतदार सून सगळ्यांना मिळो. फक्त समजूत तेवढी चुकीची होती.

खरं काय होतं ते चाळीत दोघांनाच ठाऊक होतं.

लवूकाका कामाला होते ती गिरणी गल्लीच्या टोकाला होती. तिची भिंत पिवळी, म्हणून लोक तिला पिवळी गिरणी म्हणत. छप्पन साली सगळं लालबाग रस्त्यावर उतरलं होतं, मुंबई महाराष्ट्रात पाहिजे म्हणून. मोर्चे, हरताळ, मग तो जानेवारीतला गोळीबार. शेवंतीकाकी त्या दिवसांत पाण्याची कळशी घेऊन जिन्यात उभी असायची. पळत आलेल्याला आधी पाणी, मग नाव-गाव. आणि सगळ्यांच्या माना रस्त्याकडे वळलेल्या असताना पिवळ्या गिरणीने मागच्या अंगणात एक नवा बॉयलर बसवून घेतला. त्याला चिमणी केली ती अर्धीच. मालकाला विटा जड झाल्या की काय, देव जाणे. जुन्या उंच चिमणीचा धूर डोक्यावरून जायचा. या नवीचं तोंड आलं तिसऱ्या माळ्याच्या समोर. त्यात जाळायला स्वस्तातला चुरा कोळसा, तोही भिजलेला. सकाळी धुतलेलं लुगडं दुपारी राखाडी. भातावर झाकण नसेल तर वर तीळ पेरल्यासारखं.

आणि कोपऱ्यातल्या खोलीत राधाबाई होती. शेवंतीकाकी तेराव्या वर्षी नवरी होऊन या चाळीत आली तेव्हा याच राधाबाईने तिला पदराखाली घेतलं, गोधड्या शिवायला शिकवलं. म्हातारपणी तिला दम लागला. शेवटच्या महिन्यात ती एकच मागायची: "शेवंती, मला जरा गॅलरीत बसव गो. माणसं बघते." आणि गॅलरीत बसवलं की खोकून खोकून निळी व्हायची. तिला परत आत आणून निजवावं लागे. ती भिंतीकडे बघत गेली. काकीने त्याचं भांडवल कधी केलं नाही, पण तेव्हापासून समोरच्या चिमणीकडे ती अशी बघायची की चिमणी माणूस असती तर तिने मान खाली घातली असती.

गिरगावात कमलाकांत नावाचे एक प्रभू गृहस्थ राहत. सरकारी कचेरीत बत्तीस वर्षं कारकुनी करून निवृत्त झालेले. त्यांच्या घरच्या गोधड्या काकी शिवायची. तिने एकदा सुईत दोरा ओवता ओवता त्यांना विचारलं, "भाऊसाहेब, धुराची तक्रार कुठे करतात हो?"

कमलाकांतांनी चष्मा कपाळावर नेला. "आहे एक खातं फोर्टात. पण शेवंतीबाई, तोंडी सांगाल तर साहेब म्हणेल, बाई रडतायत. अर्ज कराल तर म्हणेल, अर्ज आलाय. वस्तू दाखवा. तारखेसकट. एकदा नाही, दर आठवड्याला. आणि काहीही दिलं तरी पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही."

"तारीख मला कुठे लिहिता येते?"

"आकडे दहाच असतात. गोधडीवर एवढी नक्षी काढता, आकडे काय जड?"

काकी दोन यत्ताही शिकली नव्हती. पेन्सिल धरली की तिचा हात लटपटायचा. सुई धरली की नाही. कमलाकांतांनी कागदावर आकडे काढून दिले, तिने ते फडक्यावर टाके घालून गिरवले. म्हणजे नवस वगैरे काही नव्हतं. तो पुरावा होता.

आता तक्रार म्हटली की दोन्ही बाजूंनी माणसं उभी राहतात. काकीच्या बाजूला आधी ती एकटी. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी गॅलरीत फडकं टांगून ती ट्रामने फोर्टात जायची. कमलाकांतांनी लिहिलेला अर्ज आवकच्या खिडकीत द्यायचा, पोचेवर शिक्का मारून घ्यायचा, परत यायचं. फडकी कुणाला दाखवायची नाहीत, सुनावणी लागेपर्यंत. नाहीतर गिरणीवाले आधीच सावध होतील.

तरी ते झालेच. त्यांना खिडकीत उभं राहावं लागत नव्हतं. ते साहेबाच्या दारातून आत जात. पिवळ्या गिरणीच्या पाठीशी बाकीचे मालकही गोळा झाले. कारण सरळ होतं: आज एका चिमणीला उंच व्हायला लावलं तर उद्या सगळ्यांच्या चिमण्या मोजायला माणूस येईल. त्यांनी जाड पुठ्ठ्यात बांधलेलं निवेदन दिलं म्हणे, की धूर हे भरभराटीचं लक्षण आहे, आणि खर्च वाढला तर चारशे कामगार घरी बसतील.

मग मॅनेजर स्वतः चाळीत आला. गणपती मंडळाच्या नानांना म्हणाला, यंदा मंडपाचं सगळं कापड गिरणीकडून. फक्त एका कागदावर चाळीच्या सह्या हव्यात. नाना साधा माणूस, दारोदार फिरला.

"काकी, अंगठा टाका. गणपतीचं काम आहे."

"काय लिहिलंय यात?"

"हेच... आम्हाला धुराचा त्रास नाही."

"नाना, तू बोलता बोलता तीनदा खोकलास."

"ते सोडा हो. गणपतीला नको का मंडप?"

"गणपतीचं नाक मोठं आहे, त्याला पुरतं. आपलं एवढंसं. पुढच्या दाराला जा."

पुढचं दार मालनचं. दौलतने सही केली. एक्केचाळीस सह्या झाल्या.

काकी युनियनकडे गेली तर तिथले गणपतराव म्हणाले, "वहिनी, धूर मालकाचा आहे हे खरं, पण बॉयलर आपल्या माणसाचा आहे. बोनसचं होऊ द्या, मग धुराचं बघू." चाळीच्या चौकात संयुक्त महाराष्ट्र समितीची सभा झाली, तिथे काकीने विषय काढला तर एक पोरगेलासा कार्यकर्ता म्हणाला, "मावशी, आधी राज्य. राज्य आलं की धूर आपोआप जाईल."

"येऊ दे की राज्य, मी काय नको म्हणते? घोषणा मी पण देते. पण ओरडायला छातीत वारा लागतो रे बाबा. तो कुठून आणू?"

सगळे हसले. पण सभा संपल्यावर त्याच कार्यकर्त्याने येऊन अर्जावर सही केली, हेही खरं.

दादरहून मात्र अनपेक्षित हात मिळाला. तिथल्या एका महिला मंडळाच्या वासंतीबाईंनी इंग्रजीत पत्र लिहिलं होतं. वारा फिरला की लालबागचा धूर त्यांच्या खिडक्यांच्या पांढऱ्या पडद्यांवर बसायचा. कमलाकांतांनी दोघींची गाठ घालून दिली. काकी म्हणाली, "पडद्यांसाठी का होईना, आल्या ना." त्या इंग्रजी पत्राने जे झालं ते सहा अर्जांनी झालं नव्हतं. अठ्ठावन्न सालच्या जूनच्या पहिल्या मंगळवारी सुनावणी लागली.

आणि सुनावणीच्या आठ दिवस आधी मॅनेजरने लवूकाकांना कामावरून बसवलं. कारण काय दिलं? फायरमन कोळसा नीट टाकत नाही, हयगय करतो, म्हणून काळा धूर होतो.

बावीस वर्षं तो माणूस बॉयलरपुढे उभा होता. घरी आला, टोपी खुंटीला लावली आणि म्हणाला, "सांगितलं होतं ना, चिमणीला बसवणार नाहीत."

आता नुसता धूर दाखवून भागणार नव्हतं. धूर आहे असं काकीने सिद्ध केलं की मॅनेजर म्हणणार, बघा, आम्ही तेच म्हणतो, फायरमन वाईट. तिच्याच पुराव्याने नवरा कायमचा घरी बसणार. घरी म्हणजे कुठल्या घरी? पगार थांबला की चाळीची खोलीही सोडायची आणि उतारवयात गावी जाऊन भावाच्या पडवीत राहायचं.

रात्रभर विचार करून सकाळी काकीने बोचकं सोडलं. शिमग्याला लवूकाका दोन आठवडे गावी गेले होते. बॉयलरवर दुसराच माणूस होता. त्या दोन मंगळवारांची फडकी तिने शोधून काढली. सगळ्यांत काळी तीच दोन. काकी ती छातीशी धरून बसली. "ही दोन आहेत ना," ती म्हणाली, "ही तुमची नोकरी."

सुनावणीच्या आदल्या दिवशी सोमवारी गणपतरावांचा निरोप आला. आता माणूसच बसवला म्हटल्यावर युनियन जागी झाली होती. दोघांनाही कचेरीत बोलावलं, तिथून गिरगावात कमलाकांतांकडे जायचं होतं. दिवस मोडणार होता. रिकाम्या खोलीत बोचकं ठेवायचा काकीला धीर होईना. कोण जाणे, मॅनेजर कुणाला पाठवील. ती मालनच्या दारात आली.

"बाय, एवढं सांभाळ. उद्या न्यायचंय. जिवापलीकडे जप."

सहा महिन्यांत या काकीने मालनला स्टोव्ह पेटवायला शिकवलं होतं, नळावर नंबर कसा राखायचा ते शिकवलं होतं, ट्रामचे रूळ ओलांडताना कुठे बघायचं ते शिकवलं होतं. घरची आठवण येऊन मालन रडली तेव्हा काकीने का म्हणून विचारलं नाही, नुसती शेजारी बसून लसूण सोलत राहिली. त्या काकीने आज पहिल्यांदा काही सोपवलं होतं. मालनला वाटलं, काय करू नि काय नको.

तिने बोचकं सोडलं. नवसाची फडकी, आणि ही दशा! काळी, तेलकट, मेणचट. उद्या सुनावणीला जाण्याआधी काकी ही देवीला वाहणार. बिचारीला धावपळीत धुवायलाही सवड झाली नाही. देवीपुढे असलं वस्त्र ठेवलं तर काय होईल याची कल्पनासुद्धा मालनला करवेना.

पदर खोचून ती मोरीत बसली. सोडा, साबण, दगडावर घासणं. सव्वीस फडकी. शिमग्याची दोन तर निघता निघेनात. त्यांना तिने तीनदा साबण लावला. शेवटच्या पाण्यात नीळ घातली. तांबडे आकडे नव्या कुंकवासारखे उठून दिसायला लागले. अकरा वाजता तिने गॅलरीभर दोरीवर सगळी पिळून, झटकून वाळत घातली, आणि लांब उभी राहून बघितली. दिंडी निघावी तशी दिसत होती. अंगात इतकं बरं वाटलं की तिने त्या दिवशी दौलतसाठी सोलकढी केली.

चार वाजता फडकी काढायला गेली तर सगळी पुन्हा काळी.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. पुढे काकी, मागे लवूकाका, त्यांच्यामागे गणपतराव. काकीने दोरीकडे बघितलं. मग मालनच्या लाल झालेल्या हातांकडे.

"काकी, मी धुतली हो सगळी. स्वच्छ निघाली होती. देवाशप्पथ! परत काळी झाली. तुम्ही देवीला नेणार ना... मी परत धुते, आत्ता धुते."

"देवीला?" गणपतराव म्हणाले, आणि मग त्यांना कळलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "वहिनी, हिने पुरावा धुतला!"

काकी उंबऱ्यावर बसली. लवूकाकांनी टोपी काढली. "संपलं," ते म्हणाले. "गावी पत्र टाकतो भावाला."

मालनला तोवर कुणी समजावून सांगितलं नव्हतं, पण चेहरे बघून तिला समजलं. ती शिव्यांची वाट बघत उभी राहिली. शिव्या आल्या असत्या तर बरं झालं असतं.

लवूकाका दोरीपाशी गेले. सवयीने त्यांनी एक फडकं बोटांत धरून चोळलं, नाकाशी नेलं. बॉयलरवरचा माणूस काजळी अशी ओळखतो, जशी कोळीण मासळी. "ओला चुरा," ते स्वतःशीच म्हणाले. "आजचा आहे हा. ताजा."

काकीने मान वर केली.

"आजचा?"

"मग काय? हिने सकाळी धुतलं ना?"

"अहो," काकी हळूच म्हणाली, "आज तुम्ही कुठे होतात?"

"कुठे म्हणजे? तुझ्याबरोबर."

"आणि काल, परवा? आठ दिवस?"

"घरात. तुझ्यापुढे. तुझी बोलणी खात."

काकी उठली. ती मालनकडे आली आणि तिचे साबणाने सुजलेले दोन्ही हात आपल्या हातात घेतले. "बाय माझे," ती म्हणाली, "किती वाजता वाळत घातलीस, सांग बघू?"

गणपतरावांच्याही डोक्यात उजेड पडला, पण तो भलत्याच बाजूने. "वहिनी, काही बोलूच नका. तारखा शिवलेल्या आहेत, फडकी काळी आहेत. सव्वीस मंगळवारांची म्हणून खुशाल पुढे ठेवा. धुतली होती हे कुणाच्या बापाला कळतंय?"

"मला कळतंय ना. या तारखा आता खोट्या झाल्या, गणपतराव. खोटी तारीख घेऊन मी खिडकीशी पण गेले नसते." मग तिने मालनच्या पाठीवर हात ठेवला. "उद्या ही बोलेल."

"मी?" मालनने विचारलं.

"तूच. धुतलीस कुणी?"

सुनावणीची खोली मोठी, पंखा लांब दांड्याचा. टेबलापलीकडे साहेब. एका बाजूला मॅनेजर, मालकांचे वकील आणि ते पुठ्ठ्यातलं निवेदन. दुसऱ्या बाजूला वासंतीबाई, कमलाकांत, गणपतराव, लवूकाका, आणि दोन बायका, एकीच्या मांडीवर बोचकं. वकिलांनी एक्केचाळीस सह्यांचा कागद वाचला. चारशे कामगारांच्या पोटाचं वाचलं. शेवटी मॅनेजरचं म्हणणं वाचलं: दोषी फायरमनला आठ दिवसांपूर्वी कामावरून दूर केलं असून तेव्हापासून धुराचा त्रास पूर्णपणे थांबला आहे.

साहेबाने चाळीच्या बाजूला बघितलं. काकीने बोचकं टेबलावर ठेवलं, सोडलं, आणि मालनला कोपराने ढोसलं.

मालन उभी राहिली. आवाज कुठून आला ते तिलाच कळलं नाही. "साहेब, ही फडकी मी काल सकाळी धुतली."

"धुतली? पुरावा म्हणून आणलेली?"

वकील हसले. हसायला मोकळीक मिळाली म्हणून शिपाईही हसला.

"होय साहेब. मला ती नवसाची वाटली."

आता साहेबही हसला. "मग बाई, यात दाखवायचं काय राहिलं?"

"अकरा वाजता मी ती गॅलरीत वाळत घातली. पांढरी. नीळ घातलेली. चाळीतल्या बायकांनी बघितली. चार वाजता काढायला गेले तर अशी."

"एका दिवसात?"

"दिवस कुठला, साहेब. पाच तास."

साहेबाने एक फडकं उचललं. अंगठ्याने चोळलं. अंगठा काळा झाला. मग दुसरं, तिसरं. त्याने तो अंगठा पुसायला इकडेतिकडे काही शोधलं, टेबलावर तर काळ्या फडक्यांशिवाय काही नव्हतं. शेवटी त्याने अंगठा तसाच वर धरला आणि मॅनेजरला विचारलं, "फायरमनला कधी दूर केलंत म्हणालात?"

"आठ दिवसांपूर्वी, साहेब."

"म्हणजे काल तो बॉयलरवर नव्हता."

मॅनेजरने वकिलांकडे पाहिलं. वकिलांनी कागद उलटसुलट केले.

"आणि या तारखा कसल्या?" साहेबाने तांबड्या आकड्यांकडे बोट दाखवलं.

तेव्हा काकी बोलली. "सव्वीस मंगळवार टांगली होती साहेब, तेव्हाच्या. पण त्या आता धरू नका. मळ गेला, तारीख राहिली. कालचंच धरा."

कमलाकांत पुढे सगळ्यांना सांगायचे, की बत्तीस वर्षांच्या नोकरीत आपला पुरावा आपणच कमी करून घेणारा अर्जदार त्यांनी दुसरा बघितला नाही. आणि साहेबाचं मन वळलं ते अंगठ्यामुळे नाही, या वाक्यामुळे. लवूकाकांचं मत वेगळं होतं. ते म्हणायचे, अंगठाच.

दुसऱ्या दिवशी साहेब न कळवता चाळीत आला. तिसऱ्या माळ्यावर चढला, गॅलरीत उभा राहिला, चिमणीकडे बघितलं आणि खोकला. नानांनी त्याला पाणी दिलं. पाणी देता देता म्हणाले, "साहेब, त्या सह्यांच्या कागदावरची माझी सही काढता येते का?"

हुकूम निघायला पाच महिने गेले. मालकांच्या मंडळाने वर अपील केलं, त्यात आणखी सहा. पण चुरा कोळसा आधी बंद झाला, लवूकाका पंधरा दिवसांत कामावर गेले, आणि एकोणसाठ साली चिमणी उंच झाली. त्या गणपतीला मंडपाचं कापड चाळीने वर्गणी काढून आणलं. जाडंभरडं होतं. दहाही दिवस पांढरं राहिलं.

धूर काही नाहीसा झाला नाही हं. उंच गेला. वारा फिरला की दादरला आधीपेक्षा जास्त. वासंतीबाईंनी नवं पत्र लिहायला घेतलं आणि काकी त्यांच्या पत्रावर अंगठा द्यायला मुद्दाम दादरला गेली. "तुमच्या पडद्यांनी आमचं काम केलं," ती म्हणाली, "आता आमची फडकी तुमचं करतील." म्हणून मंगळवार थांबला नाही. फरक एवढाच, की आता ती चार आठवड्यांची चार फडकी महिन्याच्या पहिल्या मंगळवारी कचेरीत नेऊन द्यायची. साहेब लोकांना विसर पडू नये म्हणून.

आणि तारीख मालन शिवायची. काकीने सुई तिच्या हातात दिली ती त्या सुनावणीनंतरच. आकड्यांवरून मालन पुढे अक्षरांवर गेली, नाव शिवायला शिकली, मग लिहायला. त्या सोमवारची गोष्ट काकीने चाळीत शंभरदा सांगितली असेल, पण "मालन चुकली" असं एकदाही सांगितलं नाही. दर वेळी एकच: "मालनने धुतली म्हणून झालं. मला सुचलं असतं का?" माणसाची चूक उचलून त्याच्याच डोक्यावर फेटा म्हणून बांधायची, ही विद्या काकी कुठल्या शाळेत शिकली कोण जाणे. मालनने तिचे आभार कधी मानले नाहीत. घरातल्या माणसाचे मानतात थोडेच? ती आपली दर बुधवारी सकाळी फडकं उतरवायला काकीच्या आधी गॅलरीत हजर व्हायची.

एकोणसाठ सरता सरता, त्या थंडीपासून काकीलाही दम लागायला लागला. राधाबाईसारखाच. पण ती गॅलरीत बसायची. बसू शकायची. कोपऱ्यात पाट टाकून, येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करत, संध्याकाळ होईपर्यंत. एकदा ती मालनला म्हणाली, "बघ, राधाबाईची जागा मिळाली मला." आणि तोंडभर हसली.

साठ सालच्या मे महिन्याच्या पहिल्या रविवारी महाराष्ट्र राज्य झालं. चाळीने पणत्या लावल्या, काकीने पेढे वाटले. मंगळवारी सकाळी मालन दारात उभी राहिली. "काकी, या महिन्याला मी एकटी जाते. तुम्ही नका येऊ." पुढच्या महिन्यात तिला खरंच एकटीला जावं लागलं, पण त्या दिवशी ते दोघींनाही ठाऊक नव्हतं.

"का? ट्रामने मला काय केलंय?" काकीने चपला घातल्या.

जिन्यात ती तीनदा थांबली. प्रत्येक वेळी थांबायला काहीतरी कारण काढलं: एकदा कुणाच्या बाळाला बघायला, एकदा चपलेचा अंगठा, एकदा नुसतीच. फोर्टात कचेरीच्या दारावर रविवारचं झेंडूचं तोरण सुकून लोंबत होतं. आवकच्या खिडकीतला कारकून तिला ओळखत होता.

"काय मावशी, आता तर राज्य आपलं आलं. आता कशाला फडकी?"

"आपलं आलं म्हणून तर आणली. परक्याला दाखवायची लाज वाटायची. मोज, चार आहेत."

कारकुनाने मोजली. एक उजेडात धरून बघितलं. राखाडी होतं, काळं नव्हतं. "बरीच पांढरी आहेत की."

"तेही लिही."

त्याने लिहिलं, शिक्का मारला. काकीने पोच उलटी करून शिक्का नीट उठलाय ना ते बघितलं, मालनला तारीख वाचायला लावली, घडी घालून पदराच्या गाठीत बांधली. रस्त्यावर येऊन दोघी ट्रामच्या थांब्यावर उभ्या राहिल्या.

"काकी, आजचं टांगलंत ना?"

"टांगल्याशिवाय मी कधी जिना उतरलेय?"

ट्राम आली. काकीने एका हाताने दांडी धरली, दुसऱ्याने मालनचा दंड, आणि चढली.